पडद्यावरचे प्रश्न आणि मशिदीतलं मौन

‘इंटरस्टेलर’ सिनेमातलं विज्ञान कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, अशा आशयाचे व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर कधी ना कधी आले असतील. एका बाजूला कृष्णविवराचं चित्र, दुसऱ्या बाजूला आयत, मागे नशीद आणि शेवटी ‘सुभानअल्लाह लिहा, पुढे पाठवा’. याच्या अगदी उलट टोकाला दुसरा एक गट आहे. त्याच्या मते सिनेमा हाच मुळात गुनाह, आणि त्यातही परग्रहावरचे जीव, यंत्रमानव, काळात मागेपुढे जाणं म्हणजे इमान पोखरणारा फालतूपणा. एकाला सिनेमात धर्माचा पुरावा हवा असतो, दुसऱ्याला त्यात धर्माचा शत्रू दिसतो. सिनेमा नेमकं काय विचारतोय, हे मात्र दोघांनाही ऐकायचं नसतं.

डोळ्यांना दिसतं ते खरं कशावरून? गेलेला वेळ परत मिळतो का? आपण घडवलेली वस्तू विचार करू लागली तर तिच्याशी आपलं नातं काय? तारणहार समोर आला तर त्याला ओळखायचं कसं, आणि ओळखण्यात चूक झाली तर किंमत कोण मोजणार? गेल्या चाळीसेक वर्षांतले गाजलेले विज्ञानपट हेच विचारत आले आहेत. हे प्रश्न धर्माचे आहेत. धर्माच्या जागी ते विचारले जायला हवेत. पण आपल्या घरातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना ते भेटतात थिएटरात, नाहीतर रात्री पांघरुणात मोबाईलवर. सिनेमा संपल्यावर त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं. मौलाना म्हणतात असले विचार मनात आणू नका, आणि अब्बा म्हणतात आधी परीक्षेचं बघ.

इब्राहीम (अलै.) यांनी विचारलं होतं

प्रश्न विचारला की इमान कमजोर होतं, ही समजूत आपल्याकडे कुठून आली, मला ठाऊक नाही. कुरआनमधून तर नक्कीच आलेली नाही. सूरह बकरामध्ये हजरत इब्राहीम (अलै.) अल्लाहला विचारतात, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते मला दाखव. अल्लाह त्यांना विचारतो, तुझा विश्वास नाही का? ते सांगतात, विश्वास आहे, पण मनाचं समाधान हवंय. यावर त्यांची कानउघाडणी होत नाही. चार पक्ष्यांचा दाखला देऊन त्यांना उत्तर मिळतं. त्याच सूरहमध्ये फरिश्तेसुद्धा विचारतात, की जमिनीवर रक्त सांडणारा हा माणूस कशासाठी? त्यांनाही गप्प बसवलं जात नाही.

सूरह अनआममधले इब्राहीम (अलै.) तर आणखी पुढे जातात. तारा पाहून ते म्हणतात, हा माझा रब. तारा मावळतो. मग चंद्र, मग सूर्य. प्रत्येक वेळी एक कल्पना मांडायची, ती तपासायची आणि टिकली नाही की सोडून द्यायची. बऱ्याच मुफस्सिरांच्या मते हे त्यांनी आपल्या लोकांना समजावण्यासाठी केलं. तसं मानलं तरी पद्धत तीच राहते. क्षणभर असं समजू या, म्हणून सुरुवात करायची आणि ते समजणं कुठवर जातं ते पाहायचं. चांगला विज्ञानपट याहून वेगळं काय करतो?

आपल्या विचारवंतांनीही हे भरपूर केलंय. इब्न सीना (980 ते 1037) यांनी एक माणूस कल्पिला. तो एकदम पूर्ण वाढलेल्या अवस्थेत निर्माण झालाय, हवेत तरंगतोय, डोळे झाकलेले आहेत, हातपाय एकमेकांना लागत नाहीत. त्याला बाहेरचं काही कळत नाही, स्वतःचं शरीरही जाणवत नाही. अशा माणसाला ‘मी आहे’ हे कळेल का? इब्न सीना म्हणतात, कळेल, आणि म्हणून ‘मी’ म्हणजे नुसतं शरीर नव्हे. बाराव्या शतकात अंदलुसियात इब्न तुफैल यांनी ‘हय्य इब्न यकझान’ लिहिलं. निर्जन बेटावर हरिणीच्या दुधावर वाढलेला एक मुलगा. हरिणी मरते तेव्हा तिच्यातून नेमकं काय निघून गेलं हे शोधायला तो तिची छाती उघडून पाहतो. तिथून निरीक्षण आणि विचार करत करत, कुणीही न शिकवता, तो निर्मात्यापर्यंत पोहोचतो. 1671 मध्ये हे पुस्तक लॅटिनमध्ये गेलं आणि युरोपात खूप वाचलं गेलं.

मराठी वाचकालाही ही वाट नवी नाही. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला टोपणनावाने जी कथा पाठवली, तिचं नाव ‘कृष्णविवर’ होतं. हॉलिवूडने कृष्णविवर पडद्यावर आणून आपल्याला थक्क केलं, त्याच्या चाळीस वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा कल्पनेची भीती बाळगायची गरज नाही. भीती वाटायला हवी ती प्रश्न मुलांच्या मनातच कुजत पडण्याची.

जागा झालेला माणूस आणि झोपलेले लोक

‘द मॅट्रिक्स’ 1999 मध्ये आला. नायकाला कळतं की तो ज्याला जग समजत होता ती यंत्रांनी माणसांच्या मेंदूत चालवलेली एक नक्कल आहे. खरं शरीर कुठेतरी नळ्यांना जोडून ठेवलेलं आहे. त्याच्यासमोर दोन गोळ्या ठेवल्या जातात. निळी घेतली तर पुन्हा झोप, लाल घेतली तर जाग.

हा सिनेमा पाहून आपल्याकडची मुलं थेट ‘दुनिया एक धोका है’ या वाक्यावर येतात. हिंदू मित्र म्हणतात ही तर माया. प्लेटोच्या गुहेचं नाव निघतं, डेकार्टचं निघतं. इमाम गझालींचं नाव मात्र आपल्याच मुलांच्या तोंडून क्वचित निघतं. खरं तर डेकार्टने आपला संशय 1641 मध्ये मांडला. त्याच्या पाचशेहून अधिक वर्षं आधी गझाली (1058 ते 1111) त्याच संशयातून गेले होते आणि ‘अल-मुनकिज मिनद्दलाल’ या आत्मकथनात त्यांनी तो लिहूनही ठेवला.

त्यांनी सुरुवात डोळ्यांपासून केली. सावली स्थिर दिसते, थोड्या वेळाने पाहावं तर सरकलेली असते. तारा नाण्याएवढा दिसतो, गणित सांगतं की तो पृथ्वीहून मोठा आहे. म्हणजे डोळ्यांचं खोटं बुद्धीने पकडलं. पण मग बुद्धीचंही खोटं पकडणारं तिच्या वरचं काही असलं तर? स्वप्नात असताना स्वप्न खरंच वाटतं. जागेपणाला आपण जागेपण म्हणतो, तेसुद्धा आणखी एका जागेपणाच्या तुलनेत झोपच असलं तर? सुमारे दोन महिने त्यांना कशाचीच खात्री वाटेना. त्यातून आपण युक्तिवादाने बाहेर आलो असा दावा ते करत नाहीत. अल्लाहने छातीत टाकलेल्या प्रकाशाने आपण सावरलो, असं ते सांगतात.

इथवर गझाली आणि ‘मॅट्रिक्स’चा नायक निओ बरोबर चालतात. जागं झाल्यावर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि मला महत्त्वाची वाटते ती ही फारकत.

सिनेमातला एक प्रसंग आठवून पाहा. निओ आणि ट्रिनिटी काळे लांब कोट घालून एका इमारतीच्या दारात शिरतात आणि पहारेकऱ्यांना गोळ्या घालतात. खांबांचे तुकडे उडतात, संगीत वाजतं, थिएटरात शिट्ट्या पडतात. हे पहारेकरी कोण आहेत? सिनेमाच्याच नियमानुसार ती नळ्यांना जोडलेली, झोपलेली, खरी माणसं आहेत. मॅट्रिक्समध्ये मेलेला माणूस बाहेरही मरतो, हेही सिनेमानेच सांगितलेलं आहे. म्हणजे ज्यांना सोडवायचं त्यांनाच नायक मारतोय. याची सोय आधी करून ठेवलेली असते. जो अजून जागा झालेला नाही तो केव्हाही शत्रू होऊ शकतो, अशी शिकवण निओला प्रशिक्षणातच मिळालेली असते.

‘आम्ही जागे, बाकीचे झोपलेले, म्हणून त्यांच्या जिवाची किंमत कमी’ हा हिशेब आपल्या इतिहासात फार आधी एका गटाने मांडलाय. खवारिजांनी आपल्याहून वेगळा विचार करणाऱ्या मुस्लिमांना इस्लामबाहेर ठरवलं. इसवी सन 661 मध्ये कूफ्याच्या मशिदीत हजरत अली (रजि.) यांच्यावर वार करणारा इब्न मुल्जिम त्यांच्यापैकीच होता. तो नमाज न पढणारा, दीनबद्दल बेफिकीर असा कुणी नव्हता. फक्त आपल्यालाच सत्य कळलंय, याची त्याला पक्की खात्री होती. आज इंटरनेटवर ‘लाल गोळी घेतली’ म्हणणारे स्त्रीद्वेष्टे गट याच खात्रीवर उभे आहेत. सिनेमा बनवणाऱ्या वाचोव्स्की भगिनींना आपलं हे रूपक तिथे जाऊन पोहोचेल असं वाटलंही नसेल. आणि आपल्या मोहल्ल्यातले, ‘सगळी दुनिया आपल्याविरुद्ध कट करतेय, हे फक्त आपल्या ग्रुपला माहीत आहे’ असं सांगणारे व्हॉट्सॲप ग्रुप काय वेगळं करतात?

गझाली बंदूक उचलत नाहीत. 1095 मध्ये, बगदादच्या निझामिया मदरशातल्या सर्वांत मानाच्या जागेवर असताना, त्यांना आतून वेगळ्याच गोष्टीची जाणीव होते. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी आहे की नावासाठी? त्यांची वाचा जाते, शिकवणं अशक्य होतं. ते पद सोडतात, दमास्कस, जेरुसलेम, मक्का, मदिना असे फिरतात. अनेक वर्षांनी ते पुन्हा शिकवू लागतात. जाग आल्यावर त्यांनी पहिला संशय स्वतःच्या हेतूवर घेतला. ‘मॅट्रिक्स’ पाहून आलेल्या मुलाला मला एवढंच विचारावंसं वाटतं: तू जागा झालास हे मान्य, पण त्यानंतर झोपलेल्या माणसाविषयी तुझ्या मनात काय आलं? दया आली की तिरस्कार?

सात वर्षांचा एक तास

‘इंटरस्टेलर’ (2014) बद्दलच्या त्या व्हिडिओंकडे परत येऊ. सिनेमात एका ग्रहाजवळ महाकाय कृष्णविवर आहे. त्याच्या गुरुत्वामुळे त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. ही कल्पना हवेतली नाही. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेतून ती येते, आणि सिनेमाला सल्ला देणारे किप थॉर्न यांना पुढे 2017 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अंतराळवीर कूपर त्या ग्रहावर थोडा वेळ घालवून परततो तेव्हा पृथ्वीवर तेवीस वर्षं उलटलेली असतात. तो पडद्यासमोर बसतो आणि मुलांनी पाठवलेले निरोप एकामागून एक पाहतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, त्याला मूल होतं, ते मूल जातं. शेवटी मुलगी पडद्यावर येते, ती आता बापाच्याच वयाची आहे.

हे पाहून आपल्याला अस्हाबे कहफ आठवणं अगदी साहजिक आहे. जुलूम चुकवण्यासाठी काही तरुण गुहेत जाऊन झोपतात. उठल्यावर एकमेकांना विचारतात, किती वेळ झोपलो? कुणी म्हणतं दिवसभर, कुणी म्हणतं दिवसाचा काही भाग. उलटलेली असतात तीनशे वर्षं, वर नऊ. ते एकाला चांदीचं नाणं देऊन शहरात अन्न आणायला पाठवतात. तफसीरकार सांगतात की ते नाणं आता चलनातून गेलेलं होतं. ख्रिस्ती परंपरेतही हीच कथा ‘एफिससचे सात झोपाळू’ म्हणून प्रसिद्ध आहे. यात धक्का तोच आहे: आपण होतो तिथेच होतो, आणि आपलं जग निघून गेलं.

मग हे व्हिडिओ बनवणारे हिशेब मांडतात. एवढी वर्षं, एवढा वेग, एवढं गुरुत्व, म्हणजे कुरआनमध्ये सापेक्षता आहे. यांनी सूरह कहफ नीट वाचली असती तर ते थांबले असते. कारण याच कथेत कुरआन सांगतो की लोक त्या तरुणांच्या संख्येवरून वाद घालतील. तीन होते आणि चौथा कुत्रा, पाच होते आणि सहावा कुत्रा, सात होते आणि आठवा कुत्रा. यावर उत्तर असं की संख्या अल्लाहला ठाऊक, तुम्ही त्यावरून वाद घालत बसू नका. आकड्यांच्या मागे धावू नका हे जी कथा स्वतः सांगते, तिच्यातून आम्ही समीकरणं काढतोय! आणखी एक धोका आहे. विज्ञान आपली मतं पुराव्यानुसार बदलतं, तोच त्याचा धर्म. आज ज्या सिद्धांताला आपण आयतीचा पुरावा म्हणून चिकटवला, तो उद्या सुधारला गेला तर आयतीचं काय करणार?

कूपरच्या त्या रडण्यात आपल्यासाठी काय आहे, हे कळायला भौतिकशास्त्र लागत नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांत विचारा. कुवेत, दुबई, सौदीला गेलेले बाप दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी महिना-दीड महिन्यासाठी घरी यायचे. काहीजण कॅसेटवर आवाज भरून पाठवायचे, पुढे फोन आले, मग व्हिडिओ कॉल. पाळण्यात सोडून गेलेलं मूल शाळेचा गणवेश घालून समोर उभं राहायचं आणि अनोळखी माणसासारखं आईच्या मागे लपायचं. त्या बापाने कृष्णविवर पाहिलेलं नाही, पण एका तासाची सात वर्षं कशी होतात हे त्याला नोलनपेक्षा जास्त कळतं. त्या पैशातून घर झालं, बहिणींची लग्नं झाली, मुलं शिकली. वेळ मात्र परत आला नाही. अल-अस्र ही तीन आयतींची छोटीशी सूरह काळाच्या शपथेने सुरू होते आणि माणसाच्या तोट्याबद्दल बोलते. नमाजीत घाईघाईने पढून टाकण्यासाठी ती आपल्याला सोयीची वाटते, कारण लहान आहे. ‘इंटरस्टेलर’मधल्या त्या पाच मिनिटांनंतर ती एकदा सावकाश पढून पाहावी.

श्रद्धावान प्रेक्षकाने या सिनेमाला एक प्रश्न विचारायलाही हरकत नाही. कथेच्या सुरुवातीला मुलीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळीवर काहीतरी अदृश्य वावरतंय. ती त्याला भूत म्हणते. अंतराळात वाट कुणीतरी उघडून दिलीय. म्हणजे गैबचं, न दिसणाऱ्याचं, दार किलकिलं होतं. शेवटी कळतं की ते भूत म्हणजे कूपर स्वतःच, आणि वाट उघडून देणारे म्हणजे भविष्यातली माणसंच. दार उघडतं आणि पलीकडे पुन्हा आरसा! माणसाला वाचवायला माणसाखेरीज कुणी नाही, ही सिनेमाची श्रद्धा आहे. ती आपली नाही. पण ती प्रामाणिकपणे मांडलेली आहे, आणि तिच्याशी वाद घालायचा तर आपल्या श्रद्धेचे शब्द आपल्याला आधी नीट जुळवावे लागतील. सिनेमाने आपल्याला दिलेलं हे काम आहे.

महदी हवा कुणाला?

‘ड्यून’चे दोन भाग 2021 आणि 2024 मध्ये आले. मुस्लिम प्रेक्षक थिएटरात चमकून सरळ बसला असेल तर तो या सिनेमात. महदी, लिसान अल-गैब, मुअद्दिब हे शब्द वाळवंटी ग्रहावरच्या फ्रेमन लोकांच्या तोंडी येतात. मूळ कादंबरी फ्रँक हर्बर्टची, 1965 ची. तिच्यात ‘जिहाद’ हा शब्द सर्रास आहे. सिनेमाने त्याऐवजी ‘पवित्र युद्ध’ घेतलं. आमचे शब्द, आमचं वाळवंट, आमचा पोशाख, पण पहिल्या भागात मुख्य भूमिकांमध्ये अरब किंवा उत्तर आफ्रिकी कलाकार जवळपास नाहीत, अशी टीका झाली. ती रास्तच होती. पण आपली चर्चा तिथेच थांबली, आणि सिनेमा जे सांगत होता ते बाजूला राहिलं.

‘ड्यून’मधली भविष्यवाणी आकाशातून आलेली नाही. बेने जेसेरिट नावाच्या स्त्रियांच्या एका गुप्त संघटनेने ती शतकांपूर्वी गरीब, दबलेल्या जमातींमध्ये पेरून ठेवलेली आहे, पुढे आपल्या माणसाला उपयोगी पडावी म्हणून. पॉल नावाचा तरुण तिचा फायदा घेतो. आधी नाखुषीने, मग पूर्ण जाणीवपूर्वक. दुसऱ्या भागात स्टिलगर या फ्रेमन सरदाराचा एक गमतीदार प्रसंग आहे. पॉल सांगतो, मी महदी नाही. स्टिलगर आनंदाने म्हणतो, पाहा किती नम्र आहे, म्हणजे हाच महदी! थिएटर हसतं. हळूहळू हसू विरत जातं, कारण हाच भला माणूस पुढे डोळे मिटून रक्तपाताकडे निघतो. चानी ही फ्रेमन मुलगी शेवटपर्यंत मान झुकवत नाही. तिचं म्हणणं साधं आहे: आमची सुटका आम्हीच करायची, ती बाहेरून कुणी आणून देणार नाही. हर्बर्टने 1969 च्या पुढच्या कादंबरीत पॉलच्या नावाने झालेला अब्जावधींचा संहार दाखवला, जेणेकरून त्याला नायक समजणाऱ्या वाचकाच्या मनात शंका उरू नये.

मुस्लिमांना यात कल्पनेचा भाग फारच थोडा आहे. 20 नोव्हेंबर 1979 रोजी, नव्या हिजरी शतकाच्या पहिल्या दिवशी, जुहैमान अल-उतैबी आणि त्याच्या सशस्त्र साथीदारांनी मक्केची मस्जिद-ए-हराम ताब्यात घेतली. मुहम्मद अल-कहतानी हा महदी असल्याचं त्यांनी जाहीर केलं. ज्या जागेत झाडाची फांदी तोडायचीही मनाई, तिथे दोन आठवडे गोळ्या चालल्या. तो ‘महदी’ काही दिवसांतच मारला गेला. लढणारे बहुतेक तरुण होते, आणि भ्रष्टाचाराबद्दलचा त्यांचा राग सगळाच खोटा नव्हता. पण तो राग त्यांनी एका माणसाच्या हवाली केला होता.

ही ओढ फक्त आपली नाही. 2024 मध्येच ‘कल्की 2898 एडी’ येऊन गेला. त्यातही उजाड भविष्य आहे, जुलमी सत्ता आहे आणि पोटात वाढणारा तारणहार आहे. ख्रिस्ती माणूस येशूच्या पुनरागमनाची वाट पाहतो, बौद्ध परंपरेत मैत्रेय आहे. महदीविषयीच्या हदीसा मी नाकारत नाही, ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांची श्रद्धा मला प्रिय आहे. माझा प्रश्न वाट पाहण्याच्या रीतीबद्दल आहे. आपल्या समाजात ‘हालात’चा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात: एक तर ‘कयामत जवळ आलीय’, नाहीतर ‘एखादा खरा लीडर मिळाला पाहिजे’. वाट पाहण्याच्या नावाखाली आपण हात बांधून बसलोय. वस्तीतल्या मुलीची शाळा आठवीनंतर का सुटते, जकातचे पैसे कुठे जातात, मशिदीच्या कमिटीचा हिशेब भिंतीवर का लागत नाही, ही कामं महदीची नाहीत. ती आपली आहेत.

पैगंबर मुहम्मद (स.) यांची एक हदीस आहे. कयामत सुरू झाली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर ते लावता आलं तर लावून टाका, असा तिचा आशय. या हदीसेत तारणहाराची वाट पाहायला सांगितलेलं नाही. रोपाला फळ येईल की नाही याची चिंताही नाही. ‘इंटरस्टेलर’ सुरू होतो तेव्हा पृथ्वीवरची पिकं एकेक करून मरतायत. ‘ड्यून’मधले फ्रेमन वाळवंट हिरवं करण्यासाठी पिढ्यान् पिढ्या पाण्याचा थेंब थेंब साठवतायत. आणि त्यांच्या त्या मोठ्या, संथ कामावर एका माणसाचं युद्ध येऊन बसतं. मला वाटतं, हर्बर्टच्या कथेतली सर्वांत मोठी शोकांतिका हीच आहे.

मग करायचं काय?

सिनेमा पाहायचा की नाही, हा ज्याचा त्याचा आणि ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. मशिदीत पडदा लावा असं मी म्हणत नाही. सिनेमाला धर्माची जागा देऊ नये, कारण सिनेमा प्रश्न विचारून दोन-तीन तासांत दिवे लावतो आणि घरी पाठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कसं जगायचं, शेजाऱ्याशी कसं वागायचं, आई आजारी असताना काय करायचं, हे तो सांगत नाही. ते सांगणं धर्माचं काम आहे. पण ज्याने प्रश्नच ऐकला नाही त्याचं उत्तर कोण ऐकून घेणार?

जुम्याच्या दिवशी सूरह कहफ पढण्याची रीत आपल्या अनेक घरांत आणि मशिदींत आहे. तिच्यात गुहेतले तरुण आहेत, आणि त्याच सूरहमध्ये हजरत मूसा (अलै.) आणि त्या ज्ञानी प्रवाशाची कथाही आहे, ज्याला आपण खिज्र म्हणतो. प्रवासाची अट असते की मूसांनी प्रश्न विचारायचा नाही. ते तीनदा विचारतात, कारण समोर होडीला भोक पाडलं जातंय, एका मुलाचा जीव घेतला जातोय, आणि अन्न नाकारणाऱ्या गावाची भिंत फुकट बांधून दिली जातेय. प्रवास तुटतो, पण निरोप देण्याआधी तीनही प्रश्नांची उत्तरं दिली जातात. सब्र शिकवणाऱ्या या कथेतसुद्धा विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवलेलं नाही.

म्हणून एक साधी सूचना. जुम्याच्या नमाजीनंतर, किंवा इशानंतर, महिन्यातून एकदा अर्धा तास मुलामुलींसाठी ठेवावा. कहफचा एक भाग मराठीत समजावून सांगावा आणि मग त्यांना बोलू द्यावं. मुलींनाही, त्याच खोलीत नाही तर शेजारच्या खोलीत, पण त्यांचा आवाज ऐकू येईल अशा रीतीने. कुणी ‘मॅट्रिक्स’बद्दल विचारेल, कुणी यंत्राला रूह असते का विचारेल, कुणी विचारेल की महदी आमच्या व्हॉट्सॲपवर आला तर त्याला ओळखायचं कसं. इमामसाहेबांनी सिनेमा पाहिलेला असण्याची काहीच गरज नाही. त्यांना गझाली माहीत आहेत, इब्राहीम (अलै.) माहीत आहेत, तेवढं पुरेसं आहे. आणि ज्याचं उत्तर माहीत नसेल तिथे ‘अल्लाहु आलम’ म्हणण्याची सुंदर परंपरा आपल्याकडे आहेच. ते दोन शब्द मुलाला गप्प करण्यासाठी न वापरता, प्रामाणिकपणे, पुढच्या महिन्यापर्यंत शोधून पाहतो अशा स्वरात म्हटले, तर मुलं पुढच्या महिन्यातही येतील.